जागरांक

सुवर्णा घरतने तो आकडा पहिल्यांदा गणवेशाच्या खिशावर लावला तेव्हा विमानात एकशे चौऱ्याहत्तर प्रवासी होते, आणि आकडा होता बासष्ट.

काड्यापेटीएवढी काळी पट्टी आणि तिच्यावर लाल अंक. चौथ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चहा घेता घेता विचारलं, "हे काय नवीन? लकी नंबर का?"

"नाही सर, माझा थकवा आहे," सुवर्णा म्हणाली. "साठच्या वर गेला की माणसाचे हातपाय दारू प्यायल्यासारखे चालतात. काल सकाळपासून माझं हे पाचवं विमान. साठच्या वरच्या माणसाच्या हातात तुमच्या जिवाचं दार देऊ नका, एवढंच सांगायचंय."

एवढंच ती बोलली. पलीकडच्या रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलीने ते फोनवर टिपलं. विमान गुवाहाटीला उतरेपर्यंत देशभर सुवर्णाचा चेहरा आणि तो बासष्ट पोचले होते.

२०४१ सालचा फेब्रुवारी होता. त्या आकड्याला जागरांक म्हणत. माणूस जागा असतो तेवढा वेळ मेंदूच्या पेशी काम करतात आणि कामाचा कचरा मागे टाकतात. झोपेत हा कचरा धुऊन निघतो. झोप अपुरी झाली तर थोडा उरतो, दुसऱ्या दिवशीचा त्यावर चढतो. पुण्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेने शोधून काढलं होतं की या कचऱ्यातले दोन घटक रक्तात उतरतात आणि तिथून अगदी सूक्ष्म प्रमाणात घामात येतात. कानामागे चिकटवलेली एक पातळ चकती तो घाम सतत चाखत राहायची आणि शून्य ते शंभरमध्ये आकडा द्यायची. कॉफीने डोळे उघडे राहतात, पण कचरा तसाच राहतो. त्यामुळे हा आकडा फसवता येत नसे. डोंगरातले ट्रकचालक आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ती चकती आधीपासून वापरत होते. मात्र त्यांचा आकडा त्यांच्यापुरता असे. तो खिशावरच्या पट्टीवर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आणला सुवर्णाने.

संघटनेत यावरून महिनाभर भांडण झालं होतं. नभयान एअरलाइन्सच्या कर्मचारी संघटनेचे सरचिटणीस मोरेश्वर पाटणकर हे तीस वर्षं इंजिनांखाली काम केलेले गृहस्थ. त्यांना ही कल्पना मुळीच पसंत नव्हती.

"प्रवासी तिकीट काढून बसलेला असतो, सुवर्णा. मालकाशी आपलं भांडण आहे ते मालकाच्या टेबलावर. त्याच्या ताटासमोर कशाला?"

"टेबलावर अकरा वर्षं मांडतोय साहेब. विश्रांतीचे तास बारावरून नऊवर आले. आणि दार उघडायची वेळ आली तर मी उघडणार, मालक नाही. ज्याच्यासाठी उघडायचं त्याला माझी अवस्था कळायला नको?"

"कळली की तो तुझ्या बाजूने उभा राहील असं वाटतं तुला?"

"का नाही राहणार? जीव त्याचा आहे."

पाटणकरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "बघ बुवा," एवढंच ते म्हणाले.

दुसरी पट्टी लावली करुणा वानखडेने. करुणा पंचवीस वर्षांची, अचलपूरची. कळंबोलीत चार मुलींबरोबर एका खोलीत राहायची. पाचही जणींच्या ड्यूट्या वेगवेगळ्या, त्यामुळे त्या खोलीत दिवसा ना रात्री कधीच दिवा मालवलेला नसे. सुवर्णानेच तिला प्रशिक्षण दिलं होतं.

"मी काऊन लावू ताई? तुमची नोकरी पंधरा वर्षांची. माझी गेली तं लगेच जाईल."

"एकटीने लावली तर वेडी म्हणतात. दुसरी आली की मग त्याला मागणी म्हणतात."

"मग दुसरी मीच काऊन?"

"कारण तुझा आकडा सगळ्यांत वाईट आहे."

करुणाला हसू आलं. तिने पट्टी खिशावर दाबून बसवली. अडुसष्ट.

आठवडाभरात चारशे जणींनी पट्ट्या लावल्या. प्रवासी भारावून गेले. इंदूरच्या एका आजींनी करुणाला हाताला धरून आपल्या जागेवर बसवलं आणि पाच मिनिटं स्वतः उभ्या राहिल्या. तो व्हिडिओही गाजला. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. दहाव्या दिवशी कंपनीच्या मनुष्यबळ प्रमुख इरावती सोमण यांनी सुवर्णाला बोलावलं. निलंबनाचं पत्र मिळणार म्हणून ती मनाची तयारी करून गेली होती. सोमणबाईंनी तिच्यासाठी चहा मागवला.

"आम्ही हे स्वीकारतोय," त्या म्हणाल्या. "एक तारखेपासून सगळ्यांच्या खिशावर जागरांक. पट्ट्या कंपनी देईल. प्रवाशाला कळलंच पाहिजे, तुमचं बरोबर आहे."

संघटनेच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. पाटणकरांनी पेढा हातात घेतला आणि बोलता बोलता टेबलावर ठेवून दिला.

जूनमध्ये कंपनीने तिकिटांचं ॲप बदललं. आता प्रत्येक विमानापुढे त्यातल्या कर्मचाऱ्यांचा सरासरी जागरांक दिसू लागला. चाळिसाच्या आत असेल तर हिरवा, साठाच्या वर असेल तर लाल. हिरव्या विमानाचं तिकीट महाग, लालचं जवळजवळ निम्म्याने स्वस्त. लाल तिकीट काढताना एक चौकट यायची: 'या विमानातील कर्मचारी थकलेले आहेत हे मला माहीत आहे.' खाली बटण होतं, 'मान्य'. नियामक मंडळाने विश्रांतीच्या किमान तासांचा नियमच शिथिल केला. प्रवाशाला सगळी माहिती देऊन त्याची संमती घेतली जात असताना सरकारने मध्ये पडायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं.

लाल विमानं सर्वांत आधी भरू लागली.

सुवर्णाला पहिले काही दिवस ते खरं वाटेना. ती रोज ॲप उघडून बघायची. बंगळूर हिरवं, निम्मं रिकामं. बंगळूर लाल, एकही जागा नाही. लग्नाची वऱ्हाडं लालने जात होती. शाळांच्या सहली लालने जात होत्या. तिच्या सख्ख्या नणंदेने दोन मुलांना घेऊन लालने जयपूर केलं आणि परत आल्यावर सुवर्णालाच सांगितलं, "काही होत नाही गं वहिनी. दीड तासाचा तर प्रश्न."

मागणी लालची, तेव्हा लाल विमानं वाढवायला हवीत. त्यासाठी थकलेली माणसं लागतात. रोस्टर विभाग आता त्या हिशेबाने ड्यूट्या लावू लागला. सलग दोन दिवस झोप मिळालेल्या मुलीला तिसऱ्या दिवशी पहाटेचं विमान आणि मग पाच तासांनी पुढचं. सुवर्णा तावातावाने सोमणबाईंकडे गेली.

"मॅडम, तुम्ही माणसं थकवताय! मुद्दाम!"

"आम्ही प्रवाशाला हवं ते देतोय," सोमणबाई शांतपणे म्हणाल्या. "त्याला सगळं कळावं ही तुमची मागणी होती ना? त्याला कळलं. आता त्याने काय निवडायचं तेही तुम्हीच ठरवणार का?"

सुवर्णा उठली. जिना उतरून ती तळमजल्यावर आली आणि तिने पुन्हा ॲप उघडलं.

विमानातली हवाही बदलली. पूर्वी कुणी विचारायचं, ताई दमलात का? आता लोक आधी खिशाकडे बघत आणि मग चेहऱ्याकडे. "ओ सत्तर नंबर, इकडे पाणी!" अशी हाक येऊ लागली. एका बाईने करुणाच्या हातून गरम चहा घ्यायला नकार दिला, ट्रेवरचा कप मुलाच्या अंगावर सांडेल म्हणून. हिरव्या विमानात एखादीचा आकडा वाटेत चढला तर प्रवासी तिकिटाचे पैसे परत मागत. मग बाकीच्या चौघी त्या एकीशी गॅलीत, विमानातल्या त्या चिमुकल्या स्वयंपाकघरात, बोलत नसत. इंदूरच्या त्या आजी एकदा पुन्हा भेटल्या, लाल विमानात, पाच नातेवाइकांसह. त्यांनी करुणाला ओळखलंसुद्धा नाही.

ॲपवर सरासरीवर बोट ठेवलं की प्रत्येकीचा आकडा सर्वांनाच दिसे, म्हणजे घरच्यांनाही. सुवर्णाचा नवरा जयवंत उलव्यात जिम चालवायचा. दिल्लीच्या मुक्कामाहून ती परतली तेव्हा तो जेवायला न बसता थांबला होता.

"रात्री हॉटेलात आठ तास होतीस," तो म्हणाला. "सकाळी आकडा अठ्ठावन्न. कसा काय?"

"मुलींचे फोन येत होते. रोस्टरचे."

"आठ तास?"

"जयवंत, तू माझा आकडा बघत बसतोस?"

"तूच म्हणालीस ना, आकडा खोटं बोलत नाही."

तिने ताट वाढून घेतलं आणि ती एकटीच जेवली. त्यानंतर तो असं काही विचारत नसे. फक्त ती घरात आली की आधी खिशाकडे बघायचा.

नोव्हेंबरच्या एका सकाळी, साडेदहाच्या सुमारास, नभयानचं लाल विमान नागपुरात उतरलं. सुवर्णा तीन दिवसांच्या रजेवरून त्याच दिवशी कामावर आली होती. तिचा आकडा एकतीस होता. ती पुढच्या दाराशी. मागच्या दाराशी करुणा, चौऱ्याहत्तर.

धावपट्टीवर टेकताना डाव्या चाकाचा टायर फुटला. त्याचे तुकडे पंखाच्या टाकीत घुसले आणि इंधन गळू लागलं. विमान थांबेपर्यंत डाव्या अंगाने आग लागली होती. वैमानिकाने बाहेर पडण्याचा हुकूम दिला. अशा वेळी नियम एकच: दाराच्या छोट्या खिडकीतून आधी बाहेर बघायचं, आग नसेल तरच दार उघडायचं.

करुणाने न बघता डावं दार उघडलं. ज्वाळा आणि काळा धूर आत घुसले. ती तशीच दारात आडवी उभी राहून लोकांना मागे ढकलू लागली, मग उजव्या दाराकडे धावली, पण तोवर मागच्या रांगांमध्ये काही दिसेनासं झालं होतं. सहा माणसं गेली. करुणाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

पुढच्या बाजूला, त्याच क्षणी, सुवर्णाही डाव्या दाराकडेच वळली होती. तिने पंधरा वर्षांत हजारो वेळा उघडलेलं ते दार. रोज त्याच दाराने लोक आत येत. खिडकीतून बघायचं तिला सुचलं नाही. हँडल निम्मं वर उचललं गेलं, आणि पहिल्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ ओरडले, "अहो बाई, तिकडे आग आहे!" त्यांनी तिचं मनगट धरलं. हँडल खाली आलं. ती उजवीकडे गेली, खाली उतरायची स्लाइड उघडली, आणि पुढच्या भागातली सगळी माणसं पन्नास सेकंदांत बाहेर पडली.

त्या गृहस्थांनी चौकशीत जबाब दिला: "घरतबाई अगदी शांत होत्या. आग कुठे आहे ते त्यांनीच आधी ओळखलं." त्यांना खरोखर तसंच आठवत होतं. संक्रांतीला त्यांनी सुवर्णाला पैठणी पाठवली.

मृतांच्या नातेवाइकांना कंपनीकडून काही मागता येईना. सहाही जणांची तिकिटं काढताना 'मान्य' दाबलेलं होतं. गुन्हा दाखल झाला तो करुणावर, निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा. स्वतःचा आकडा चौऱ्याहत्तर आहे हे तिला माहीत होतं, तो तिच्या छातीवर लिहिलेला होता, तरी ती विमानात चढली. पुरावा म्हणून सरकारी वकिलांनी ती काळी पट्टी जोडली, आणि सुवर्णाचा फेब्रुवारीतला व्हिडिओ.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी पाटणकर सुवर्णाला नागपूरच्या एका हॉटेलात भेटले. ते वर्षभरात खूप म्हातारे झाले होते.

"नीट ऐक," ते म्हणाले. "उद्या तू म्हणालीस की आकड्याचं काही खरं नाही, आणीबाणीत कुणीही चुकू शकतो, तर पोरगी सुटेल. आपला वकील तसं म्हणतोय. पण मग लाल विमानं कायमची राहिली. आकड्यालाच अर्थ नाही म्हटल्यावर कुठल्या तोंडाने विश्रांती मागणार?"

"आणि खरा आहे म्हणाले तर?"

"तर कोर्टाच्या निकालानंतर साठच्या वरच्या कुणालाही विमानात चढवता येणार नाही. नियामक मंडळाने तसं लिहून दिलंय. लाल बंद. करुणा मात्र आत जाईल."

"तुम्ही काय करा म्हणताय?"

"मी काही म्हणत नाही. तेव्हाही मी नुसता बघ म्हणालो होतो. तेवढीच माझी चूक झाली, असं रोज वाटतं."

सुवर्णाने त्यांना त्या हँडलबद्दल सांगितलं नाही. ते कुणालाच माहीत नव्हतं. एकतीस आकड्याची बाईसुद्धा न बघता दार उघडायला निघाली होती, हे एक वाक्य कोर्टात उच्चारलं असतं तर सगळा खटला कोसळला असता. ती रात्रभर त्या वाक्याशी पडून होती. चार हजार सहकाऱ्यांची झोप आणि एका पोरीची दोन-तीन वर्षं, असा तो हिशेब ती पुन्हा पुन्हा मांडत होती. त्यात स्वतःची पैठणी, स्वतःचं नाव, 'शांत घरतबाई' हेही कुठेतरी आहे हे तिला दिसत होतं, पण तिकडे ती बघत नव्हती.

कोर्टात करुणा पांढऱ्या पंजाबी ड्रेसमध्ये बसली होती. हातांवरची कातडी गुलाबी आणि ताणलेली. तिने सुवर्णाकडे बघून मान हलवली, सगळं ठीक होईल अशी.

"हा व्हिडिओ तुमचाच?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"हो."

"साठच्या वरच्या माणसाच्या हातात जिवाचं दार देऊ नका, असं तुम्ही म्हणालात. आजही तुमचं तेच मत आहे?"

"हो."

"अपघाताच्या दिवशी तुमचा जागरांक?"

"एकतीस."

"दार उघडताना तुमच्याकडून काही चूक झाली?"

सुवर्णाने पाणी मागितलं. कारकुनाने पेला दिला. ती अर्धा पेला प्यायली.

"नाही," ती म्हणाली.

"आरोपीकडून का झाली?"

"तिचा आकडा चौऱ्याहत्तर होता."

करुणाला दोन वर्षांची शिक्षा झाली. निकालपत्रात सुवर्णाच्या साक्षीचा उल्लेख तीन ठिकाणी होता.

लाल विमानं खरोखर बंद झाली. नवा नियम आला: साठच्या वर आकडा असलेल्याने विमानात चढू नये. त्याच नियमाचं दुसरं कलम संघटनेच्या कुणी नीट वाचलं नव्हतं. आकडा साठच्या आत ठेवणं ही कर्मचाऱ्याची स्वतःची जबाबदारी राहील. विश्रांतीचे तास पुन्हा बारावर गेले नाहीत. आकडा जास्त आला तर मुलगी दारातून घरी परत, त्या दिवसाचा पगार नाही. तिसऱ्यांदा परत गेली की नोकरी नाही. कळंबोलीतल्या खोल्यांमध्ये झोपेच्या गोळ्या साखरेसारख्या उसन्या मागितल्या जाऊ लागल्या. पाटणकरांनी राजीनामा दिला. सोमणबाईंनी सुवर्णाला प्रशिक्षण प्रमुख केलं. नव्या मुलींना ती झोपेची शिस्त शिकवायची.

सात महिन्यांनी ती नागपूरच्या तुरुंगात गेली. मध्ये काच होती, बोलायला फोन. करुणा समोर येऊन बसली. तिचा चेहरा भरला होता.

"इथं नऊला दिवे जातात," ती म्हणाली. "झोप पुरते ताई. हात आता मुठीत येतात, हे बघा." तिने मूठ करून दाखवली, ती पूर्ण मिटत नव्हती.

"काही हवंय का? आई कशी आहे?"

"आई येते. रडते अन् जाते." करुणाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "ताई, एक विचारू? खरं सांगजा."

"विचार."

"माझ्या बराकीतल्या बाया म्हणतात, अशा भेदरट पोरीले कायले घेतलं विमानात. म्या रोज तेच आठवतो. म्या त्या खिडकीतून पाह्यलंच नाही. आता थकली होती म्हणून पाह्यलं नाही, का मी मुळातच तशी आहे? सहा माणसं मेली ना ताई. त्यात एक पोरगं होतं, माझ्याकडून त्यानं दोनदा ज्यूस मागून घेतला होता. मी ताजी असती, तुमच्यासारखी, तं पाह्यलं असतं ना म्या?"

सुवर्णाच्या उजव्या हाताला ते हँडल जाणवलं, थंड आणि निम्मं उचललेलं. दहा शब्दांत सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर अपील झालं असतं, कदाचित करुणा महिन्याभरात बाहेर आली असती. तिच्या मनात नियमाचा विचार आला, चार हजार जणींचा विचार आला, पण ते दोन्ही नंतर. आधी आली ती साधी भीती, की ही काचेपलीकडची पोर आता आपल्याकडे कशी बघेल.

"पाहिलं असतंस," ती म्हणाली. "ताजी असतीस तर नक्की पाहिलं असतंस. माझंच बघ ना."

करुणाने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. मग तिने कपाळ काचेला टेकवलं आणि ती रडू लागली, मोठ्याने, मोकळी होऊन. पलीकडच्या टेबलावरच्या लोकांनी वळून बघितलं.

"लय बरं वाटलं ताई," ती फोनमध्ये म्हणाली. "आता आईलेही तसंच सांगतो. तुमी होत्या म्हणून. दुसरं कोणी असतं तं म्या इश्वासच ठेवला नसता."

पहारेकरीण वेळ संपल्याचं सांगायला आली. करुणाने तिला दोन बोटं दाखवून आणखी दोन मिनिटं मागितली, पण ती मिळाली नाहीत.

"पुढच्या महिन्यात याल ना?" तिने उठता उठता विचारलं.

"येते," सुवर्णा म्हणाली.

ती परत कधी गेली नाही.